साक्षीदाराचे वय

१९ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ‘इल्मॅटिक’ या नावाचा रॅप गीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. गायकाचे नाव नासिर जोन्स. ‘नाझ’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. त्या दिवशी त्याचे वय वीस वर्षे सात महिने होते. संग्रह आटोपशीर आहे. एक प्रास्ताविक तुकडा आणि नऊ गीते, मिळून चाळीस मिनिटांहून थोडा कमी वेळ. नावातील ‘इल’ या शब्दाचा कोशातला अर्थ आजारी असा. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतील बोलीत मात्र तोच शब्द ‘अफलातून’ या अर्थाने कौतुकासाठी वापरला जातो. आजाराचे नाव घेऊन कौतुक करणारी ही बोली कोणत्या परिसरात घडली, याचा विचार केल्यावाचून या संग्रहाने उभा केलेला नैतिक प्रश्न नीट मांडता येत नाही.

रॅप हा प्रकार मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याच्या कानाला नवा वाटला तरी घडणीने तो अगदी परका नाही. तालवाद्याच्या ठोक्यावर आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचललेल्या, पुन:पुन्हा फिरणाऱ्या एखाद्या सुरावटीवर यमकबद्ध मजकूर बोलत जायचा, ही त्याची रीत. पोवाड्यात शाहीर चाल सोडून निवेदनाच्या अंगाने बोलू लागतो, तेव्हा श्वास आणि ताल यांची जी ओढाताण चालते, तिची आठवण येथे व्हावी. नाझच्या रचनेत यमक ओळीच्या शेवटी येऊन थांबत नाही; ते ओळीच्या पोटात शिरते, दोन-तीन अक्षरांचे गट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांतून परत येतात आणि वाक्य ठेक्याची हद्द ओलांडून पुढे जाते. एका संग्रहाला एकच संगीतयोजक असावा अशी तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. येथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल. ई. एस. अशा पाच जणांनी एका नवख्या मुलासाठी काम केले. मुलाचे वडील ओलू डारा हे जॅझ संगीतातील कॉर्नेटवादक. घर सोडून गेलेल्या या वडिलांचे वाद्य संग्रहातील तिसऱ्या गीताच्या शेवटी वाजते. आणि विसाव्या वाढदिवशी आपण जिवंत आहोत याची मुलाने कृतज्ञतेने नोंद केली आहे, ती याच गीतात.

विसाव्या वर्षी जिवंत असणे ही नोंद करण्याजोगी गोष्ट वाटावी, अशी ती वस्ती होती. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, ईस्ट नदीच्या काठी आणि मॅनहॅटनकडे जाणाऱ्या मोठ्या पुलाच्या सावलीत ‘क्वीन्सब्रिज हाउसेस’ ही सरकारी घरांची वसाहत आहे. १९३९ साली ती खुली झाली. सहा मजल्यांच्या शहाण्णव इमारती, तीन हजारांहून अधिक घरे. उत्तर अमेरिकेतील ती सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत मानली जाते. झोपडपट्ट्यांतील कामगारांना उजेड, हवा आणि नळाचे पाणी मिळावे या हेतूने ती बांधली गेली होती. नासिरचा जन्म ब्रुकलिनमधला. लहानपणीच तो आई आणि धाकट्या भावासह येथे आला. आई टपाल खात्यात नोकरी करीत असे. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. १९८० नंतरच्या दशकात कोकेनचा ‘क्रॅक’ हा स्वस्त प्रकार अशा वस्त्यांत शिरला आणि इमारतींचे जिने, अंगणे, बाक ही विक्रीची ठिकाणे झाली. मे १९७३ मध्ये, म्हणजे नासिरच्या जन्माच्या चारच महिने आधी, गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या आग्रहाने न्यूयॉर्क राज्याने अंमली पदार्थांसंबंधी एक कठोर कायदा केला होता. थोड्याशा मालाच्या विक्रीलाही किमान पंधरा वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा त्यात होती. न्यायाधीशाच्या विवेकाला या कायद्याने फारशी जागा ठेवली नव्हती. २००९ साली त्याच्या मुख्य तरतुदी मागे घेण्यात आल्या. मधल्या छत्तीस वर्षांत क्वीन्सब्रिजसारख्या वसाहतींतील एक पिढी तुरुंगात ये-जा करीत वयात आली. १९९२ साली नासिरचा बालमित्र आणि शेजारी विली ग्रॅहॅम याचा वसाहतीतच गोळी लागून मृत्यू झाला. धाकट्या भावालाही त्याच वेळी गोळी लागली होती, तो वाचला.

हे सारे संग्रहात येते. यशवंत माणसाने मागे वळून काढलेल्या आठवणींचा सूर मात्र त्यात नाही. गाणारा अजून तेथेच राहतो आहे, खिडकीतून खाली काय चालले आहे ते पाहतो आहे, संध्याकाळी खाली उतरून त्यातच मिसळतो आहे. याच गुणाने संग्रह ऐकणाऱ्यांना थक्क केले. ‘द सोर्स’ या हिप हॉपला वाहिलेल्या मासिकाने त्याला पाचांपैकी पाच ‘माइक’ दिले. हा मान तोवर फारच थोड्या संग्रहांना लाभला होता आणि नवोदिताला तो मिळाल्याबद्दल मासिकाच्या वाचकांत मोठी चर्चा झाली. ते परीक्षण एका तरुण लेखिकेचे होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाजाराने मात्र बेताचेच स्वागत केले. ‘बिलबोर्ड’च्या यादीत संग्रह बाराव्या क्रमांकावर आला आणि लवकरच खाली गेला. पाच लाख प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळायला १९९६ साल उजाडले, दहा लाखांचे २००१ साली मिळाले.

त्याच हंगामात रॅपवर अमेरिकेत एक वेगळाच खटला चालू होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या उपसमित्यांपुढे ‘गँगस्टा रॅप’संबंधी सुनावण्या झाल्या. नागरी हक्क चळवळीतून आलेल्या सी. डेलोरेस टकर यांनी या गीतांतील हिंसा आणि स्त्रियांविषयीची अश्लील भाषा कृष्णवर्णीय मुलांना बिघडवीत असल्याची साक्ष दिली. उलट बाजूने ठरलेले उत्तर आले: गायक हिंसा निर्माण करीत नाही, ती दाखवितो; आरशावर रागावण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात गुन्हेगारीविरोधी नवा केंद्रीय कायदा मंजूर झाला, त्यात तुरुंगबांधणीसाठी मोठ्या रकमा होत्या. वाद तेथेच राहिला.

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य मराठी विद्यार्थी शाळेपासून ऐकत आलेला असतो. ते सोयीचे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. आरसा काही निवडत नाही. त्याला मित्र नसतात, कोणाचा मृत्यू त्याला चटका लावीत नाही, जे दिसले त्याचे मानधनही त्याला मिळत नाही. सुनावणीतल्या दोन्ही बाजूंनी गायकाला माणूसपणातून वजा केले होते. टकर यांच्या बाजूच्या लेखी तो विषाचा स्रोत होता, बचाव करणाऱ्यांच्या लेखी निर्जीव काच. ‘इल्मॅटिक’चा विचार करायचा तर या दोहोंऐवजी साक्षीदाराची उपमा जवळची वाटते. साक्षीदार घटनास्थळी असतो. तो काय सांगायचे ते ठरवितो, काही लपवितो. त्याची उलटतपासणी होऊ शकते. त्याच्या साक्षीने कोणाचे तरी भले अथवा वाईट होते आणि ती देऊन तो स्वत: कोठे जाऊन पोचतो, हेही पाहिले जाते. कर्तव्ये असतात ती साक्षीदाराला.

पण कर्तव्य कोणाप्रती? न्यायालयातील साक्षीदार न्यायाधीशाला बांधलेला असतो. गीतकाराचा न्यायाधीश कोण? विकत घेणारा श्रोता, की ज्यांच्याविषयी गीत आहे ते शेजारी? हे दोन गट वेगळे आहेत ही साधी गोष्ट समीक्षा वारंवार विसरते. वसाहतीबाहेरच्या श्रोत्याला क्वीन्सब्रिजची हकीकत ऐकून धक्का बसतो, त्या धक्क्यात सौंदर्य असते आणि त्याचा आनंद होतो. आनंद खोटा नसतो. परंतु या आनंदाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते. दुसऱ्याच्या दु:खाच्या चित्रणातून सुख का मिळते, हा प्रश्न करुणरसाच्या संदर्भात संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी विचारला; शोकाचे साधारणीकरण होते, तो ‘ह्या अमुक माणसाचा’ राहत नाही, असे त्याचे उत्तर होते. राम आणि सीता यांच्या बाबतीत ते पुरेसे असेल. जो शेजारी अद्याप तुरुंगात आहे आणि ज्याची आई वरच्या मजल्यावर राहते, त्याचा शोक साधारण करून टाकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या उत्तरातून कळत नाही.

‘वन लव्ह’ हे संग्रहातील सातवे गीत या प्रश्नाला सामोरे जाते, आणि तेही रचनेच्या अंगाने. गीताची पहिली दोन कडवी ही तुरुंगातील मित्रांना लिहिलेली पत्रे आहेत. कोणी कोणाला मारले, कोण कोणाच्या टोळीत गेला, तुझा मुलगा तुझ्यासारखा दिसतो म्हणतात, तुझी बायको तुला पत्र का लिहीत नाही, तुझ्या आईच्या हाती थोडे पैसे दिले आहेत, फोटो पाठविले आहेत. घरच्या पत्रात असावा तसा हा मजकूर आहे, विस्कळीत आणि नावांनी भरलेला. कोणाची तरी पुतणी समुद्रकिनाऱ्यावरून परतताना गोळी लागून गेली, ही बातमीही इतर बातम्यांच्या रांगेतच येते. तिच्यासाठी सूर बदलत नाही. क्यू-टिपने खाली जॅझमधील एक संथ, किणकिणणारी सुरावट फिरत ठेवली आहे, तीही बदलत नाही. बाहेरच्या श्रोत्याला यातील निम्मे संदर्भ लागत नाहीत, आणि ते लागावेत अशी गीताची अपेक्षाही दिसत नाही. श्रोता येथे दुसऱ्याचे पत्र वाचतो आहे. शेजाऱ्यांविषयी बाहेरच्यांना सांगणे आणि शेजाऱ्यांशीच बोलणे, जे बाहेरच्यांच्या कानी पडते, या दोन क्रियांत मोठा नैतिक फरक आहे. पहिलीत शेजारी हा विषय असतो, दुसरीत तो संबोध्य असतो. नाझने पत्राचा घाट निवडला तेव्हा मित्राला विषय होण्यापासून काही अंशी वाचविले. काही अंशी म्हणण्याचे कारण उघड आहे: हे पत्र अखेर ध्वनिमुद्रित होऊन विकले गेले.

तिसरे कडवे त्याहून अवघड आहे. पत्र संपते. गाणारा दोन दिवस वसाहतीबाहेर राहून परत येतो, बाकावर बसतो, आणि तेथे त्याला बारा वर्षांचा एक मुलगा भेटतो. मुलगा माल विकतो, अंगात गोळी अडविणारे जाकीट घालतो, थंडपणे हसतो, आणि आपल्याला तुझी ढब आवडते असे नाझला सांगतो. येथे गाणाऱ्याने काय करावे? उपदेश करावा? वीस वर्षांच्या माणसाने बारा वर्षांच्या मुलाला करण्याजोगा उपदेश त्या बाकावर काय उरलेला असतो? नाझ त्याला सांगतो की गर्दीत कधी गोळी झाडू नकोस, ज्याच्याशी वैर आहे त्याला एकट्याला गाठ, चुकून भलत्याचे रक्त सांडते. मग निघताना म्हणतो की या सगळ्यातून वर ये. आणि त्याच दमात, पोलिसांवर लक्ष ठेव.

रॅपवर बंदी मागणारे या कडव्याकडे बोट दाखवू शकतात आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मुलाला खून कसा करावा हे सांगणे हा सल्ला कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. बचाव करणाऱ्यांनीही हे कडवे सहसा ‘वास्तवदर्शी’ या शब्दाखाली झाकून टाकले. दोघेही एक गोष्ट पाहत नाहीत. गीत या सल्ल्याला चांगला म्हणत नाही, आणि वाईट म्हणून त्यापासून अंगही काढून घेत नाही. ‘निरपराध मरू नये’ एवढे एकच तत्त्व ज्या जागी अजून उभे राहू शकते, तेवढेच तेथे उभे केले आहे. त्याच्या खाली काही नाही आणि वरचे ‘वर ये’ हे वाक्य कसे अमलात आणायचे ते सांगणाऱ्याला स्वत:लाही ठाऊक नाही. नीतिविचारात कर्त्याला सर्व पर्याय मोकळे आहेत असे गृहीत धरून चालण्याची सवय आहे. जेथे पर्याय आधीच कोणीतरी कापून टाकले आहेत, तेथे उरलेल्या दोन वाइटांपैकी कमी वाईट सांगणाऱ्याला साथीदार म्हणायचे की वडीलधारा, याचा निर्णय त्या बाकापासून दूर बसून करणे सोपे असते. मुलाचे कौतुक हा या कडव्यातला खरा काटा आहे. त्याला नाझसारखे व्हायचे आहे. ‘द सोर्स’ने पाच माइक देण्याच्या आधीच त्या बारा वर्षांच्या समीक्षकाने आपला निर्णय दिला होता, आणि तो ऐकून गाणाऱ्याला आनंद झालेला दिसत नाही.

असाच प्रसंग आरंभीच्या ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मध्येही आहे. गोळीबारात बंदूक अडकते, गाणारा पळत इमारतीच्या दारात शिरतो, तर आतली मोकळी जागा लहान मुलांनी भरलेली. गीत त्या मुलांवर रेंगाळत नाही, ते धावत पुढे जाते. पण ती मुले तेथे आहेत, हे साक्षीदाराने सांगितले आहे.

त्याने काय सांगितले नाही, याचाही हिशेब हवा. या संग्रहात स्त्री जवळजवळ नाही. आहे ती रडणारी आई, गोळी लागलेली पुतणी, तुरुंगातल्या नवऱ्याकडे पाठ फिरविलेली बायको. त्या बायकोला स्वत:चे म्हणणे असू शकेल, पत्र न लिहिण्याला कारण असेल, हे पत्रलेखक मनातही आणीत नाही. तिला तो सापीण ठरवून मोकळा होतो. टपाल खात्यात पाळ्या करून दोन मुलांना वाढविणाऱ्या बाईची दृष्टी या खिडकीतून दिसत नाही. रॅपमधील स्त्रीद्वेष हा कृष्णवर्णीय तरुणांचा खास शोध नसून तो मुख्य प्रवाहातील पुरुषसत्तेचीच प्रतिकृती आहे, असे बेल हुक्स यांनी १९९४ सालीच मांडले. ते खरे आहे. परंतु प्रतिकृती काढणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही. आरशाची उपमा सोडली की हा दोषही नाझच्या पदरात घालावा लागतो. साक्षीदार तरुण होता, पुरुष होता, आणि अर्धी वसाहत त्याने पाहिली नव्हती.

या ठिकाणी मराठी वाचकाला स्वत:च्या साहित्यातील एक प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा कवीचे वय तेवीसच्या आसपास होते आणि तोही पहिलाच संग्रह होता. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातील शब्द पांढरपेशा वाचकाला कळत नव्हते आणि प्रस्तावनाकाराला वाटाड्याचे काम करावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊन ‘दलित पँथर’ स्थापन झाली; त्याच्याही आधीपासून म. ना. वानखडे यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधीत होते. ‘गोलपिठा’ वाचताना साहित्यरसिकाला जो धक्का बसला, त्यात त्याने कामाठीपुऱ्यातील बाईसाठी काय केले, हा प्रश्न तेव्हाही अवघडच होता. पुढे १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. बाहेर त्याचा गौरव झाला. समाजातून मात्र, घरातली लाज चव्हाट्यावर का मांडली, अशीही नाराजी उमटली. ती नाराजी मागासलेपणाची म्हणून बाजूला सारणे समीक्षेला सोपे गेले. वस्तुत: साक्षीत ज्यांची नावे आली, त्यांनी साक्षीदाराला विचारलेला तो वाजवी प्रश्न होता. पवारांना तो बोचला असणार. आत्मकथनाच्या निवेदनातच स्वत:कडे तिऱ्हाईतासारखे पाहणारा एक दुसरा ‘मी’ त्यांनी बसविला आहे.

नाझच्या बाबतीत पुढची कथा वेगळ्या तऱ्हेने कठीण झाली. १९९६ साली ‘इट वॉज रिटन’ हा त्याचा दुसरा संग्रह आला. तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पहिल्याचे चाहते रुसले. त्यात चकाकी होती, श्रीमंतीचा दिमाख होता, माफियाच्या चित्रपटातली नावे होती. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. पण त्याच संग्रहात ‘आय गेव्ह यू पॉवर’ हे गीत आहे, ज्यात बंदूकच पहिल्या पुरुषात बोलते: हातोहात फिरून थकलेली, आपल्याकडून करविल्या जाणाऱ्या खुनांना विटलेली, आणि अखेर ऐन वेळी चालायचे नाकारणारी. पहिल्या संग्रहात केवळ अडकलेली बंदूक येथे ठरवून अडकते. नैतिक विचार म्हणून हे पाऊल पुढचे आहे. त्या काळच्या रुष्ट चाहत्यांना त्याचे फारसे अगत्य नव्हते, कारण त्यांना बाकावरचा तो वीस वर्षांचा मुलगा परत हवा होता. २००१ साली प्रतिस्पर्धी गायक जे-झी यानेही आपल्या एका गीतात दहा वर्षांत एकच काय तो चांगला संग्रह, असा टोमणा मारला.

या मागणीतला क्रूरपणा सहज ध्यानात येत नाही. पहिल्या संग्रहातील ‘भूक’ पुढच्यांत उरली नाही, असे समीक्षक म्हणतात तेव्हा तो शब्द रूपक म्हणून वापरलेला असतो. क्वीन्सब्रिजमध्ये तो रूपक नव्हता. ज्या परिस्थितीतून बाहेर पडावे असे गीतच सांगत होते, त्या परिस्थितीत गायकाने राहावे, निदान राहिल्यासारखे गावे, ही अपेक्षा प्रेमापोटी केली गेली म्हणून काही कमी अन्यायाची ठरत नाही. दुसऱ्या बाजूने, बाहेर पडलेल्याने ‘मी अजून तेथलाच’ असे गात राहणे ही खोटी साक्ष होय. साक्षीदार वयाने वाढतो आणि साक्ष वीस वर्षांचीच राहते. हा पेच नाझने कधी पुरता सोडविला असे म्हणता येणार नाही. २००१ चा ‘स्टिलमॅटिक’ हा संग्रह नावापासूनच पहिल्याकडे वळून पाहतो.

मान मात्र येत गेले. २००९ साली मायकेल एरिक डायसन आणि सोहेल दौलतझाई यांनी ‘इल्मॅटिक’वर एक स्वतंत्र निबंधसंग्रह संपादित केला, त्यात एकेका गीतावर एकेका अभ्यासकाने लिहिले आहे. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठात नासिर जोन्स यांच्या नावाने हिप हॉपच्या अभ्यासासाठी पाठ्यवृत्ती सुरू झाली. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या नावाने ती आहे, हे सांगण्याचा मोह कोणत्याही वृत्तांताला आवरला नाही. २०१४ साली वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या साथीने ही गीते सादर झाली. मार्च २०२१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत संग्रहाचा समावेश जाहीर केला. ज्या संसदेच्या उपसमित्यांनी १९९४ साली रॅपची झडती घेतली, तिच्याच ग्रंथालयाने सत्तावीस वर्षांनी त्यातील एक कृती जतन करण्याजोगी ठरविली.

२०१४ सालीच ‘टाइम इज इल्मॅटिक’ हा माहितीपटही आला. त्यात एक प्रसंग आहे. संग्रहाच्या वेळी वसाहतीत काढलेले एक छायाचित्र नाझचा धाकटा भाऊ हातात घेतो. मित्रमंडळी दाटीने उभी आहेत, लहान पोरेही मध्ये घुसली आहेत. भाऊ एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून पुढे त्याचे काय झाले ते सांगत जातो, आणि तुरुंग हा शब्द पुन:पुन्हा येतो. त्याच्या आवाजात अभिनय नाही. संग्रहावर लिहिल्या गेलेल्या सगळ्या टीकेपेक्षा या दोन-तीन मिनिटांनी त्याची बाजू अधिक नेमकी मांडली आहे, कारण येथे साक्षीतल्या माणसांची हजेरी घेतली जाते. हार्वर्डच्या पाठ्यवृत्तीने किंवा केनेडी सेंटरच्या टाळ्यांनी त्या छायाचित्रातील एकाचीही शिक्षा कमी झालेली नाही, आणि ती व्हावी अशी अपेक्षा कलेकडून करणे कदाचित चूकही असेल. तथापि त्या चेहऱ्यांची नावे विचारण्यापूर्वी यमकांची मोजदाद करणारी समीक्षा अपुरी राहते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

२०१९ साली हा विषय मुंबईत येऊन पोचला. झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नाझचे नाव आहे आणि ‘एन. वाय. से मुंबई’ या चित्रपटाशी निगडित गीतात तो अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांच्यासोबत गातो. चित्रपट धारावीत घडतो, आणि त्याची कथा याच दोन गायकांच्या आयुष्यावरून सुचलेली. त्याच वर्षी नाझच्या ‘मास अपील’ या कंपनीची भारतीय शाखा निघाली आणि डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ हा पहिला संग्रह तिच्याद्वारे प्रसिद्ध झाला. वस्ती चित्रपटगृहात पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांत कुर्ल्याची मुलेही होती आणि कुर्ल्यात कधी पाऊल न ठेवलेली माणसेही. कोणाला गीत उद्देशून होते आणि कोणाच्या ते केवळ कानी पडले, हे तिकिटावरून कळण्यासारखे नव्हते.